चार तारांचं खोकं आणि बाकीची मिळकत

मी, वय अडुसष्ट, धंदा लिफ्ट दुरुस्ती (आता निवृत्त), राहणार याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डाव्या हाताचं दार, आज जेवणाच्या टेबलापाशी बसून, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावं ते लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्या पत्नीचं याबाबतचं मत वेगळं आहे, परंतु तिने ते लेखी दिलेलं नाही.

हे आत्ताच करण्याचं कारण असं, की येत्या गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे." दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना मीही बंद दारातून हेच सांगत असे, आणि ते सांगताना दाराच्या अलीकडे माझी काय अवस्था असे ते मला माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो.

यापूर्वीचं मृत्युपत्र नाही. एका वायरिंगच्या नकाशामागे एकदा सुरुवात केली होती, पण दुसऱ्या ओळीपासून खाली वाणसामानाची यादी आहे. ते रद्द समजावं.

कलम १. हे राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी, माझ्या पत्नीला मिळावं. घर पहिल्यापासून तिच्याच नावावर असल्याचं तिने आत्ता समोर बसून मटार सोलताना सांगितलं. तरीही कलम राहू द्यावं. सुरुवात भारदस्त दिसते.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलीला. मोजायला फार वेळ लागणार नाही.

कलम ३. हत्यारं. माझी पत्र्याची पेटी, त्यातले पाने, पकडी, ग्रीसची पिचकारी आणि लिफ्टचं दार बाहेरून उघडायची त्रिकोणी चावी, हे सर्व आपल्या इमारतीची लिफ्ट हल्ली ज्या मेकॅनिक बाई बघतात त्यांना द्यावं. मी निवृत्त झालो तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या आणि शाफ्टमध्ये उतरण्याआधी त्यांनी वरचा स्विच स्वतः बंद केला, मग तो खरंच बंद आहे का ते पुन्हा तपासलं. बाकी मला त्यांच्याबद्दल काही माहिती नाही, आणि नको आहे. वीज मोजायचा मीटर मात्र पेटीतून काढून मुलीला द्यावा. लहानपणी ती त्याचे काटे हलवत बसायची आणि मी ओरडायचो. आता हलवावेत.

पेटीतला लाल दांड्याचा स्क्रूड्रायव्हर मेकॅनिक बाईंना देऊ नये. त्याने आजवर एकही लिफ्ट दुरुस्त केलेली नाही. तो कलम ८ मधल्या वस्तूसोबत जावा.

कलम ४. ॲल्युमिनियमची घडीची शिडी समोरच्या बिऱ्हाडाला. ती अकरा वर्षं त्यांच्याकडेच आहे. या कलमामुळे फक्त त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, जर ते असेल तर.

कलम ५. जुन्या लिफ्टमधला आरसा वकीलबाईंना. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि हे मृत्युपत्र कसं लिहावं ते त्यांनीच मला जिन्यात उभं राहून सांगितलं. पूर्वी एकदा त्या जुन्या लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकल्या होत्या. बाहेर आल्यावर माझ्यावर न चिडता म्हणाल्या, "बरं झालं, आरसा होता. केस कापायला झालेत हे कळलं." असा माणूस विरळा.

कलम ६. वॉचमनला माझी फिरती खुर्ची. एक चाक अडतं. तेल देऊ नये, कारण तेल दिलं की चारही अडतात.

कलम ७. छोटा ॲम्प्लिफायर टेलरला. टेलर म्हणजे आमच्या बँडचा ड्रमर. दुकानात शिवणयंत्र पायाने चालवायचा, त्यामुळे त्याचा उजवा पाय घड्याळासारखा चालतो असं सगळे म्हणायचे. घड्याळासारखाच चालायचा, फक्त पुढे जाणाऱ्या. शेवटचं गाणं तो नेहमी घाईत वाजवायचा, कारण गिऱ्हाईक दुकानापाशी थांबलेलं असायचं. मी सत्तावीस वर्षं त्याला मागे खेचून धरलं आहे. त्याबद्दल त्याने कधी आभार मानले नाहीत, पण माझ्या दोन पँटी फुकट उसवून मोठ्या केल्या. फिट्टंफाट.

कलम ८. बेस गिटार. एक नग, विजेवर चालणारी, चार तारांची. रंग मूळचा काळा. कडांचा रंग उडाला आहे आणि जिथे लाकूड दिसायला हवं तिथे प्लायवूड दिसतं. डोक्यावर कंपनीचं नाव होतं. त्याची तीन अक्षरं गळून पडली असून उरलेल्या चारांवरून काही बोध होत नाही. सातही जागेवर होती तेव्हाही होत नसे.

ही मी सत्ताविसाव्या वर्षी विकत घेतली. दुकानाच्या भिंतीवर सात टांगलेल्या होत्या. मी विचारलं, "सगळ्यात स्वस्त कोणती?" दुकानदाराने मान वर न करता कोपऱ्यातली दाखवली. म्हणाला, "शिकायला ठीक आहे. वर्षभराने चांगली घेऊन जा." एक्केचाळीस वर्षं झाली. ते वर्ष अजून भरायचं आहे.

स्वस्त बेस गिटारीबद्दल लोकांच्या मनात जे गैरसमज आहेत ते इथेच दूर करतो, कारण गुरुवारनंतर संधी मिळेलच असं नाही. बेसचं काम काय, तर खालचा सूर धरून ठेवायचा आणि पुढे पुढे करायचं नाही. तारा जाड, सूर एका वेळी एकच. महागातलं लाकूड आणि स्वस्तातलं लाकूड यात फरक असतो, नाही म्हणत नाही. पण तो पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळत नाही, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला बँडमध्ये बेस आहे हेच कळलेलं नसतं. त्याला फक्त खुर्ची हलल्यासारखी वाटते. ती मी हलवत असे. प्लायवूडनेही खुर्ची तेवढीच हलते.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे स्वस्त वाद्याला माणूस भीत नाही. माझ्या गिटारीची मान पुढे झुकलेली होती, तर मी ती खोलून सांध्यात लिफ्ट कंपनीचं एक व्हिजिटिंग कार्ड दुमडून घातलं. मान सरळ झाली. तारा ज्या खाचांवरून जातात ती पट्टी प्लास्टिकची होती आणि फुटली, तर लिफ्टच्या दाराखाली सरकतो त्या नायलॉनच्या तुकड्यातून मी नवी कापली. आवाजाचा नॉब खरखरायचा, त्यात कंट्रोल पॅनेल साफ करायचा फवारा मारला. दुसरा नॉब काहीच करत नाही. तो कशासाठी आहे हे शोधायचं मी तिसऱ्या वर्षी सोडून दिलं. महागाची असती तर यातल्या एकाही कामासाठी मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नसता. तज्ज्ञाकडे गेलो असतो, त्याने नकारार्थी मान हलवली असती आणि मी घरी येऊन गिटार कपाटात ठेवली असती.

ही स्कूटरवर उभी बांधून नेली आहे. पावसात भिजली आहे. एकदा जिन्यावरून एक मजला खाली गेली आणि तळाशी पोचल्यावर सुरातच होती. तीन वेगवेगळ्या माणसांना महिना महिना उसनी दिली, तिघांनीही परत केली, कारण ठेवून घेण्यासारखं तिच्यात काही नाही. नव्या तारा परवडत नसत तेव्हा जुन्या पाण्यात उकळायच्या. मळ निघतो आणि तार पुन्हा बोलायला लागते. त्यासाठी मी पत्नीचं दुधाचं पातेलं वापरलं हे तिला बावीस वर्षांनी कळलं. तो विषय इथे वाढवत नाही.

आता ही कोणाला द्यायची ते लिहितो. त्यासाठी आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल. ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, आता पंच्याहत्तरीचा आहे. त्याचं चष्म्याचं दुकान. आमच्या बँडमध्ये तो गिटार वाजवायचा. त्याची गिटार परदेशातून मागवलेली, पेटीला आतून मखमल. प्रत्येक गाण्यानंतर तो ती चष्म्याच्या फडक्याने पुसायचा. आभाळ आलं की पेटी उघडायचा नाही. वाजवायचा मात्र सुंदर. हे मी त्याला कधी बोललो नाही, ते इथे लिहितो: फार सुंदर वाजवायचा. माझी पत्नी गायची, टेलर ड्रमवर, मी बेसवर. वाढदिवस, निरोप समारंभ, शाळेची गॅदरिंग, इमारतींचे वर्धापन दिन. सत्तावीस वर्षं.

तालीम व्हायची ती इथेच, गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूमच्या बाहेरच्या खोलीत. चावी माझ्याकडे असायची, म्हणून. आमचा एक नियम होता: आधी बेस सुरात लावायची, मग तिच्यावरून बाकीच्यांनी. हा नियम दादाने केला होता. म्हणायचा, "धाकट्याच्या तारा जाड आहेत, लवकर हलत नाहीत. आणि त्याचा कान पक्का आहे."

माझा कान कशावर पक्का होता ते त्याने कधी विचारलं नाही. मशीन रूममध्ये लिफ्टच्या पॅनेलचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर होता. वीज चालू असली की तो गुणगुणायचा, एकाच सुरात, अखंड. लिफ्ट वर जावो, खाली जावो, त्याचा सूर हलायचा नाही. दिवसभर मी त्याच्याशेजारी काम करत असे. बेसची सर्वांत बारीक तार छेडायची, ट्रान्सफॉर्मर ऐकायचा, दोन आवाजांतली थरथर थांबेपर्यंत खुंटी फिरवायची. थरथर थांबली की लागली. बाहेर कार्यक्रम असला तरी मी आधी गच्चीवर जाऊन तार लावून घ्यायचो. मला वाटायचं, एवढा न हलणारा सूर आहे म्हणजे तो बरोबरच असणार.

तो बरोबर नव्हता. जरा चढा होता. एका सुरापासून पुढच्या सुरापर्यंत जी वाट असते तिच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पण चौघेही तेवढेच चढे असल्यामुळे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. गाणी कॅसेटवरून बसवायचो, आणि प्रत्येक कॅसेट प्लेयर आपापल्या वेगाने चालायचा, त्यामुळे तिकडूनही काही लक्षात आलं नाही. पत्नी फक्त कधी कधी म्हणायची, "आज हे फार वर जातंय." मी म्हणायचो, "पाणी पी."

चौदा वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापिका बाईंच्या निरोप समारंभाला शाळेतले गणिताचे सर आपला कीबोर्ड घेऊन आमच्याबरोबर वाजवायला बसले. तालीम झाली नव्हती. कीबोर्डला खुंट्या नसतात. पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात लोक एकमेकांकडे बघायला लागले. सर म्हणाले, "तुम्ही सगळे चढे आहात. यंत्र चुकत नाही." दादाने आपली गिटार तपासली, मग माझ्याकडे वळला आणि माईक चालू असताना म्हणाला, "मी वीस वर्षं सांगतोय, हे खोकं बदल. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. यानेच सगळ्यांना बिघडवलंय."

सगळं सभागृह हसलं. मी म्हणालो, "खोक्यात काही दोष नाही. दोष तुझ्या कानात आहे. तुझी गिटार दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेव, चष्म्यांशेजारी. तिथेच ती शोभते." माझा माईकही चालू होता. मग मी वायर उपटली आणि कार्यक्रम अर्धा टाकून निघून आलो. त्यानंतर बँड वाजला नाही. दादाने गिटार पेटीत ठेवली ती अजून पेटीतच आहे, असं मुलगी सांगते. ती काकांकडे जाते येते. आम्ही दोघं एकमेकांशी बोललेलो नाही.

पाच वर्षं मी स्वतःला अगदी निर्दोष समजत होतो. मग मी निवृत्त झालो, त्याच महिन्यात लिफ्ट नवी बसली आणि जुना पॅनेल निघाला. मी सवयीने गच्चीवर तार लावायला गेलो. खोलीत आवाजच नव्हता. मला तार लावता येईना. मुलीने माझ्या फोनवर सूर दाखवणारं काहीतरी टाकून दिलं. तार छेडली की काटा हलतो. काटा मधल्या रेषेच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला. मी दुसरी तार छेडली. पुन्हा उजवीकडे. चारही. मी भंगारात निघालेला ट्रान्सफॉर्मर मागून घेतला, घरी आणून लावला, फोन समोर धरला. काटा त्याच जागी.

म्हणजे खोकं निर्दोष होतं. प्लायवूड निर्दोष, नायलॉनची पट्टी निर्दोष, खुंट्या तर इतक्या इमानदार की सत्तावीस वर्षं मी लावला तो चुकीचा सूर त्यांनी एक केसभरही सोडला नाही. खापर तिच्यावर फुटलं आणि मी ते फुटू दिलं. दादाचा कानही निर्दोष होता. त्याने तो माझ्यावर विश्वास ठेवून बाजूला ठेवला होता, एवढंच. हे मला नऊ वर्षं माहीत आहे आणि नऊ वर्षं मी मूग गिळून गप्प आहे. त्याच्या दुकानावरून जातो तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून जातो. मला लाज वाटते. गुरुवारी मला काही झालं तर दादा उरलेलं आयुष्य एका गरीब गिटारीला दोष देत राहील, आणि हे मला सहन होत नाही.

म्हणून: ही बेस गिटार, लाल स्क्रूड्रायव्हर आणि तो ट्रान्सफॉर्मर, तिन्ही माझ्या थोरल्या भावाला मिळावेत. अटी दोन. एक, तिला भिंतीवर टांगू नये. आठवण म्हणून वाद्य टांगणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. दोन, तिला त्या फडक्याने पुसू नये. तिला सवय नाही.

(पत्नीच्या अक्षरात:) मी हे कलम आत्ता वाचलं. म्हणजे मी सत्तावीस वर्षं उगाच घसा फोडून गात होते? आणि वर मलाच पाणी पाजत होते. मृत्युपत्र होऊन जाऊ दे, मग बघते यांच्याकडे.

वरील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही असं वकीलबाई म्हणतात. मी तो भाग मानतो.

कलम ९. गणिताच्या सरांना माझ्याकडून लेखी माफी, जी या कलमानेच दिली असं समजावं. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. तुमची सांगण्याची पद्धत अजूनही मला आवडलेली नाही.

कलम १०. तळमजल्यावरच्या औषध दुकानदारांना काहीही नाही. इमारतीच्या सभेत त्यांनी लेखी तक्रार दिली होती, की बेसचा आवाज आठ मजले खाली त्यांच्या काउंटरवरच्या बाटल्यांना पोचतो. तक्रार खोटी होती. मी स्वतः खाली जाऊन ऐकलं होतं. पोचत असता तर मला आनंदच झाला असता.

सही करण्याआधीची नोंद

वरील मजकूर लिहून झाल्यावर आज दुपारी वकीलबाई, टेलर, समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ आणि वॉचमन यांना सहीसाठी बोलावलं. मुलगी प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. वकीलबाईंनी सगळं वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यातले साक्षीदार कोण?"

"हे सगळेच. दोन लागतात ना?"

"दोनच लागतात. पण ज्याला यातून काही मिळतंय तो साक्षीदार नको. मी जिन्यात सांगितलं होतं."

जिन्यात सांगितलं असेल. तेव्हा खालून लिफ्टचं दार कोणीतरी आपटलं होतं आणि माझं लक्ष तिकडे गेलं होतं.

टेलर पेनाचं टोपण काढून तयार होता, त्याने ते परत लावलं. शेजारी म्हणाले, "शिडीमुळे?" वॉचमनने खुर्चीकडे एकदा पाहिलं. मी वकीलबाईंना म्हणालो, "मग तुम्हीच करा सही."

"मला आरसा दिलाय तुम्ही."

"आरसा परत घेतो."

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला मी काही ना काही ठेवलं होतं, त्यामुळे साक्षीदार म्हणून फक्त औषध दुकानदार उरले. त्यांना बोलावलं. ते आले. स्वतःचं कलम त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आवाज पोचायचा. बाटल्या वाजायच्या." मी म्हणालो, "खरंच?" ते म्हणाले, "खोकल्याच्या औषधाच्या. खालच्या फळीवरच्या." मला फार बरं वाटलं. पण कलम बदललं नाही, कारण मग तेही गेले असते.

अजून एक माणूस हवा होता. मुलगी फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि आत येऊन म्हणाली, "येतायत एक जण." कोण ते सांगितलं नाही. वीस मिनिटांनी लिफ्ट पाचव्यावर थांबली. दार उघडल्यावर दोन पावलं चालून थांबणारा आणि चष्मा पुसून मगच पुढे येणारा माणूस मला एकच माहीत आहे.

दादा आत आला. केस सगळे पांढरे झाले आहेत. कोणाकडे न बघता म्हणाला, "सही कुठे करायची?"

"आधी बसा भाऊजी. पाणी घ्या," पत्नी म्हणाली.

"तुम्ही वाचायची गरज नाही," वकीलबाई म्हणाल्या. "हे सही करताना तुम्ही बघायचं, मग तुम्ही करायची."

"मी न वाचता कशावरही सही करत नाही."

तो वाचायला बसला. पहिली सात कलमं त्याने दुकानातली बिलं बघतात तशी बघितली. आठव्यापाशी थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वर पंख्याकडे बघत होतो. पंखा बंद होता.

"लिफ्टवरून लावत होतास?"

"हो."

"सत्तावीस वर्षं?"

"हो."

"आणि मी तुझ्यावरून."

"हो, दादा."

त्याने कागद सरळ करून ठेवले. मग म्हणाला, "चौदा वर्षं मी त्या खोक्याला शिव्या घालतोय."

"माहीत आहे. मुलगी सांगते."

वकीलबाईंनी घसा साफ केला. "मला सांगायला हवं. तुम्हालाही यात मिळतंय. सही केलीत, तर कलम आठ गेलं असं समजा. गिटार तुम्हाला मिळणार नाही."

दादाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "मग दुसरा कोणी बघा," म्हणाला. "मी नाही सही करणार."

चौदा वर्षं ज्या माणसाने त्या गिटारीचं नाव काढलं की तोंड फिरवलं, त्याला ती हवी होती.

मग त्याने विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"सात."

"आणि हे मला मिळणार कधी?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे दादा, ते तसंच असतं."

"तू गेल्यावर घेऊन मी काय करू? कोणावरून सूर लावू?" त्याचा आवाज चढला होता. "मला नको तशी. द्यायची तर आत्ता दे."

मी उठलो. कपाटाच्या मागून गिटार काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. एक्केचाळीस वर्षांत त्याने ती पहिल्यांदा हातात घेतली. वजनाने जरा दचकला. ॲम्प्लिफायर लावला नव्हता, म्हणून त्याने कान प्लायवूडला टेकवला आणि बारीक तार छेडली.

"चढी आहे," म्हणाला.

"हो."

"ते तुझं यंत्र कुठंय? लाव."

मुलीने ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवून प्लग लावला. तो लगेच गुणगुणायला लागला, गच्चीवर लागायचा तसाच. दादाने डोळे मिटले आणि पुन्हा तार छेडली. थरथर नव्हती. त्याने तिसऱ्यांदा छेडली, थांबला, ऐकत राहिला.

"बरोबर आहे की," तो म्हणाला.

मला रडू आलं. ते इथे लिहून ठेवतो, कारण टेलर बाहेर वेगळंच सांगेल. टेलरही रडत होता.

दादा म्हणाला, "टांगणार नाही. पुसणार मात्र. आणि तारा गंजल्यात. मला उकळता येत नाहीत, तू बरा होऊन आलास की तुलाच करायचंय ते. मी घेऊन येईन."

"माझ्या पातेल्यात नाही," पत्नी म्हणाली.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून: गिटार, स्क्रूड्रायव्हर आणि ट्रान्सफॉर्मर मी माझ्या हयातीत, आजच, माझ्या हाताने देऊन टाकले असल्यामुळे ते आता माझ्या मिळकतीत नाहीत. सबब कलम ८ मधलं वाटप रद्द. कलमातली कबुली मात्र रद्द नाही. ती कायम राहील. बाकी सर्व कलमं जशीच्या तशी. हे माझं शेवटचं मृत्युपत्र, निदान शुक्रवारपर्यंत.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल. वार मंगळवार, दुपारचे सव्वातीन.

लिहून ठेवणार: (सही)

वरील सही आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर झाली आणि आम्ही एकमेकांसमोर साक्षीच्या सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: (सही) औषध दुकानदार, तळमजला. या मृत्युपत्रातून मिळालेलं: काही नाही. बाटल्या वाजायच्या.

साक्षीदार दुसरा: (सही) थोरला भाऊ, धंदा चष्मे. या मृत्युपत्रातून मिळालेलं: काही नाही.